मातीला जावं तसं

‘काका, मी सोलापुरात अक्कलकोट रोडला राहते. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात. मुलगा आणि सासूबाई झोपले की मी फोन घेऊन बसते आणि दोन-दोन वाजेपर्यंत युद्धाचे फोटो, व्हिडिओ बघत राहते. आधी युक्रेन, मग गाझा. ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं. बघवत नाही आणि थांबवतही नाही. नाही बघितलं तर आपण पाठ फिरवली असं वाटतं. बघितलं तर सकाळी डबा करताना हात चालत नाही. सासूबाई म्हणतात, “रात्रीचं असलं मयताचं घरात आणू नये.” मागच्या महिन्यात एका लेकराचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. नणंदेनं लिहिलं, “वहिनी, सकाळी सकाळी हे काय?” दिरांनी शोधून काढलं की तो फोटो भलत्याच देशातला, दहा वर्षांपूर्वीचा होता. फार लाज वाटली. माझा तेरा वर्षांचा मुलगा मागे उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, “मम्मी, हे खरं आहे की एआय?” मला उत्तर देता आलं नाही. हे बघावं की बघू नये? मुलाला बघू द्यावं का?’

ताई,

तुमच्या सासूबाईंच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ‘मयताचं घरात आणू नये’ हे तुम्हाला कदाचित जुनाट वाटलं असेल. पण तुम्ही रात्री फोनवर जे बघता त्याला त्यांनी बरोबर नाव दिलं. ते मयत आहे. आणि मयताकडे कसं जायचं याची रीत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ठरलेली आहे.

आपल्या भागात माणसं ‘मातीला’ जातात. निरोप आला की हातातलं काम टाकून उठायचं. कुणाची माती आहे हे जाणाऱ्याला ठाऊक असतं: कुणाचा मुलगा, कुणाची सून, कशानं गेलं, मागे कोण आहे. तोंड बघायचं ते एकदा, जवळ जाऊन, हात जोडून. पुन्हा पुन्हा डोकवायचं नाही. परत आल्यावर आधी अंघोळ, मग घरात पाऊल. ज्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही तिथं शेजारणी पिठलं-भाकरी पोचवतात. आणि अख्ख्या गावानं जायची गरज नसते. घरटी एक माणूस गेलं की त्या घराची हजेरी लागते.

म्हणून माझं उत्तर असं: बघा, पण मातीला जावं तसं बघा. सध्या तुम्ही रोज रात्री शंभर मातींना जाता, त्यातल्या एकाचंही नाव तुम्हाला माहीत नसतं, आणि अंघोळ न करताच अंथरुणात शिरता. सकाळी हात चालणार कसे?

ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या माणसानं शिकवली. मी सोलापुरातल्याच एका दैनिकात उपसंपादक होतो. 1980 च्या दशकातली रात्रपाळी. पुणे रस्त्यावर मोहोळच्या अलीकडे ट्रक आणि जीपचा अपघात झाला होता. फोटोग्राफर अकराच्या पुढं आला, प्रिंट अजून ओली होती. रस्त्याच्या कडेला एक बाई पडलेली, लुगडं गुडघ्याच्या वर सरकलेलं, एका हातातल्या हिरव्या बांगड्या फुटलेल्या आणि दुसऱ्या हातातल्या जशाच्या तशा. कृष्णधवल फोटोत रंग दिसत नव्हता, फोटोग्राफरनं सांगितला म्हणून मला ठाऊक. पान सोडायची घाई होती. फोटो जोरदार होता. मी तो पहिल्या पानावर घेतला, चार कॉलम.

दोन दिवसांनी साठीचा एक माणूस ऑफिसात आला. धोतर, पागोटं, अंगात मळका सदरा. अंकाची घडी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली, फोटो आत राहील अशी. गेली ती त्याची सून होती. मला वाटलं आता आरडाओरड होणार. तो म्हणाला, “अपघात छापला ते बरं केलंत सायेब. त्या वळणावर सारखी माणसं मरत्यात. पर एक इचारायचं हाय. सोलापूरचा पेपर ना तुमचा? एवढ्या चादरी इनता तुमच्या गावात, एक घालता आली न्हाई तिच्या अंगावर?”

मी काहीही बोलू शकलो नाही. आज चाळीसएक वर्षांनीही त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यानं एका दमात दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या, हे मात्र मी विसरलो नाही. झालं ते लोकांना कळू द्या, आणि तिला उघडी टाकू नका. तुम्ही या दोन्हीत ‘हे की ते’ असं बघता आहात. त्याच्या लेखी त्या एकाच न्यायाच्या दोन बाजू होत्या.

चांगला छायाचित्रकार ही चादर स्वतःच घालतो. गाझामधला मोहम्मद सालेम हा रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार. 17 ऑक्टोबर 2023 रोजी खान युनिसच्या नासेर रुग्णालयात त्यानं काढलेल्या फोटोला 2024 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. फोटोत एक बाई आपल्या पाच वर्षांच्या भाचीला छातीशी घेऊन जमिनीवर बसली आहे. भाची पांढऱ्या कापडात पूर्ण गुंडाळलेली. बाईचा चेहराही दिसत नाही, तो तिच्या हाताच्या वळणात दडला आहे. रक्ताचा थेंब नाही. त्याच्या स्वतःच्या घरी काही दिवसांपूर्वीच बाळ जन्मलं होतं. तो फोटो तुम्ही पाहिला नसेल तर पाहा. एकच, दिवसा, बसून. तुमच्या फोनवरच्या शंभर व्हिडिओंपेक्षा तो जास्त काही सांगेल.

आपल्याकडचंच आठवा. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, दिल्लीच्या स्मशानातल्या रांगेनं पेटलेल्या चितांचे फोटो रॉयटर्सचेच छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांनी काढले, तेव्हा पुष्कळ लोक चिडले. देशाची बदनामी म्हणाले, मृतांचा अपमान म्हणाले. मला तेव्हाही ते पटलं नाही. वरून घेतलेल्या त्या चित्रात तोंड कुणाचंच ओळखू येत नव्हतं, आणि किती माणसं जात आहेत हे मात्र लपवता येत नव्हतं. पुढं त्याच वर्षी 16 जुलैला अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला लढाई टिपताना ते मारले गेले. या फोटोंसाठीचा पुलित्झर पुरस्कार त्यांच्या माघारी आला. असं कुणीतरी जिवावर उदार होऊन आपल्यापर्यंत आणून पोचवतं, ते आपण अंगठ्यानं वर सरकवतो. मला या गोष्टीचा त्रास होतो.

काही वेळा चादर घालताच येत नाही, हेही खरं. व्हिएतनाममध्ये 8 जून 1972 रोजी नापाम या आगीच्या बॉम्बनं भाजलेली नऊ वर्षांची किम फुक कपडे जळाल्यामुळे उघडी, हात पसरून रस्त्यावरून पळते आहे. हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. त्यानं युद्धाबद्दलचं जगाचं मन ढवळून काढलं. पण ती मोठी झाल्यावर तिनं स्वतः सांगितलं आहे की आधी कित्येक वर्षं तिला त्या फोटोची लाज वाटायची, तो का काढला असं वाटायचं. पुढं तिनं त्याच फोटोला युद्धात पोळलेल्या मुलांसाठीच्या कामाचं साधन केलं. ती तिची मोठी उडी. मात्र तिनं फोटोला माफ केलं म्हणून प्रत्येक लेकरू करेल हे आपण गृहीत धरायला नको. तुमच्या फोनवरच्या त्या मुलांना कुणी विचारलेलं नाही.

याच फोटोची आणखी एक गोष्ट. ती बॉम्बफेक अमेरिकी विमानानं केली असं आजही पुष्कळांना वाटतं. विमान दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाचं होतं आणि होरपळली ती त्यांच्याच बाजूची माणसं. फोटो तोच, ओळ बदलली की अर्थ बदलतो. आमच्या धंद्यात फोटोखालच्या मजकुराला ओळच म्हणायचे, आणि जुने संपादक ओळ नसलेला फोटो टेबलावर ठेवूच द्यायचे नाहीत. तुमच्या हातून घडलं ते हेच. लेकरू खरं होतं, त्याचं मरणही खरं असेल, पण तुम्ही ते दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलंत. ज्या मुलाचा तो फोटो होता त्याच्यावरही तो अन्याय झाला. 2025 च्या मे महिन्यात आपल्याच सीमेवर चकमकी चालू असताना व्हिडिओ गेममधले तुकडे खरी लढाई म्हणून देशभर फिरले, भलीभली माणसं फसली. त्यामुळे फसलात याची लाज फार काळ धरू नका. ग्रुपवर एक ओळ लिहून चूक दुरुस्त करा, आणि नणंदेला फोन करा. तिनं ‘सकाळी सकाळी’ म्हटलं त्याला मी निष्ठुरपणा म्हणणार नाही. कुणाच्याही दारात न सांगता प्रेत आणून ठेवत नाहीत.

आता ‘पाठ फिरवली’ या टोचणीबद्दल. तुमच्या पत्रातला खरा गाभा हाच आहे.

कुरुक्षेत्रावर युद्ध सुरू होण्याआधी व्यास धृतराष्ट्राला दृष्टी द्यायला तयार होते. तो म्हणाला, आपल्याच माणसांचा वध मला डोळ्यांनी बघायचा नाही, मी ऐकेन. म्हणून संजय आला. अठरा दिवसांचं सगळं धृतराष्ट्राच्या कानावर पडलं. गांधारीचं उलट झालं. आयुष्यभर डोळ्यांना पट्टी बांधलेली ती बाई युद्ध संपल्यावर दिव्यदृष्टीनं रणभूमी पाहते, आणि स्त्रीपर्वात एकेकाचं नाव घेत जाते. हा दुर्योधन, हा दुःशासन, हा विकर्ण. आणि मग हा अभिमन्यू, ही त्याच्यावर वाकलेली उत्तरा. अभिमन्यू तिच्या मुलांच्या शत्रूचा पोरगा. त्याच्यापाशीही ती तेवढीच थांबते. हे सगळं पाहून झाल्यावर तिच्यात कृष्णाला जाब विचारायची ताकद येते.

पाठ फिरवणं म्हणजे काय, हे मला या दोघांकडे बघून कळतं. धृतराष्ट्रानं डोळ्यांनी पाहिलं नाही हा काही त्याचा गुन्हा नव्हता. थांबवता येत होतं तेव्हा त्यानं थांबवलं नाही, हा होता. तुम्ही एखादी रात्र फोन बंद ठेवून बातमी नुसती वाचली, कुठलाही फोटो न बघता, तर कुणाकडेही पाठ फिरत नाही. वाचून कळलेलं दुःख कमी दर्जाचं नसतं. उलट माझा अनुभव असा की वाचणाऱ्याला गावाचं नाव लक्षात राहतं, बघणाऱ्याला फक्त रक्त.

आणि गांधारीची कसोटी स्वतःला लावून बघा. तुमच्या फोनवर कुणाची लेकरं दिसतात आणि कुणाची कधीच दिसत नाहीत? फोनला तुमची कळकळ कळत नाही. तुम्ही कशावर किती वेळ थांबलात एवढंच त्याला कळतं, आणि तसलंच आणखी तो पुढं करतो. सुदानमधली लेकरं त्यानं तुम्हाला दाखवली का? 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलमध्ये जी माणसं मारली गेली, त्यांतल्या कित्येकांच्या शेवटच्या क्षणांचं चित्रण मारणाऱ्यांनीच केलं आणि लोकांनी बघावं म्हणून पसरवलं. असलं काही समोर आलं तर खुशाल डोळे फिरवा. मारणाऱ्यानं मांडलेल्या खेळाला प्रेक्षक व्हायचं काहीही कारण नाही. फोटो कुणी काढला आणि कशासाठी काढला, हे बघण्याआधी विचारायचं. युद्धकैद्यांबद्दलच्या 1949 च्या जिनिव्हा करारातही एक कलम आहे: कैद्यांना मारहाण आणि अपमानापासून जसं जपायचं, तसंच लोकांच्या कुतूहलापासूनही जपायचं. कुतूहल हा शब्द त्या यादीत घालणाऱ्यांनी माणसं नीट ओळखली होती.

कुतूहल कसं दिसतं ते मी किल्लारीच्या भूकंपात पाहिलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास सोलापूरही हललं होतं. आम्ही सगळे रस्त्यावर. दुपारपर्यंत कळलं की तिकडं गावंच्या गावं बसली आहेत. मी बातमीसाठी गेलो. वाटेत जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली. काही माणसं खोरी-टिकाव घेऊन चालली होती आणि काही नुसती बघायला. दगडमातीच्या ढिगाऱ्यावर उभं राहून ती खाली बघत होती, आणि त्यांच्या पायाखाली कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका बाईनं त्यांच्यातल्या एकाला हाताला धरून खाली ओढलं, ‘उतर, माझं घर हाय ते’ म्हणून. त्याच दिवशी इकडं आमच्या गल्लीत बायकांनी कडक भाकऱ्यांचे ढीग लावले होते, जुन्या चादरीत बांधून, वर शेंगाचटणीच्या पुड्या. कडक भाकरी आठवडा टिकते, तिथं पाणी-चूल काही नाही, हा हिशेब त्यांनी बसल्या जागी केला. त्यांतल्या एकीनंही किल्लारीचा एकही फोटो तोवर पाहिला नव्हता.

म्हणून ताई, उद्यापासून एवढं करा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. बाकी ठिकाणी व्हिडिओ आपोआप सुरू होतो तेही बंद करा. मिस्टर रात्रपाळीला गेले की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि तिथंच राहू द्या. आठवड्यातून एकदा, उजेडी, एकाच ठिकाणची बातमी नीट वाचा. फोटो असेल तर खालची ओळ आधी वाचा, मग फोटो बघा. गावाचं नाव नकाशावर शोधा. मग उठा, तोंडावर पाणी मारा, कामाला लागा. घरटी एक माणूस पुरतं, हे विसरू नका. तुमच्या वाटणीची माती तुम्ही केलीत, उरलेल्यांना उरलेली घरं आहेत.

भाकरी कुठं पोचवायची, असं तुम्ही विचाराल. रेड क्रॉससारख्या संस्थेला शंभर रुपये दिले तरी ते भाकरीच आहेत. तेही जमणार नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात रात्री जाऊन बघा. जिल्ह्यातून, शेजारच्या कर्नाटकातून आलेले नातेवाईक फरशीवर पथारी टाकून पडलेले असतात. गाझाचं दुःख त्यानं कमी होणार नाही, मी तसं म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता फोनपुढं साठलेलं ते सगळं हातातून कुठंतरी उतरायला हवं. हे करूनही महिनाभरात झोप परतली नाही, हात तसेच जड राहिले, तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या मदत क्रमांकावर, फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिला तुमचा मुलगा. ‘खरं आहे की एआय’ हा त्याचा प्रश्न चांगला आहे, त्याला गप्प करू नका. फक्त त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न त्याला शिकवा: हा कोण आहे? नाव, गाव, वय शोधायला लागला की खरं-खोटं बहुतेक वेळा आपोआप उघडं पडतं, आणि समोरचं लेकरू कोडं न राहता लेकरू होतं. तेरा वर्षांच्या मुलाला तुम्ही बंदी घातलीत तर तो मित्राच्या फोनवर बघेल, आणि तिथं हसणारी पोरं असतील. त्यानं तुमच्या शेजारी बसून, तुम्ही निवडलेला एखादाच फोटो बघावा. छिन्नविच्छिन्न शरीरं त्याला दाखवू नका, त्याची काहीही गरज नाही. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. आईला परक्या लेकरासाठी रडताना बघणं त्याला बाधणार नाही.

आणि एखाद्या रविवारी त्याला भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या घरी घेऊन जा. रोज त्या बाजूनं जात असाल, आत क्वचितच कुणी जातं. 28 ऑगस्ट 1937 ला जपानी विमानांनी शांघायच्या दक्षिण स्टेशनवर बॉम्ब टाकले, तेव्हा उद्ध्वस्त फलाटावर एकटं बसून रडणारं एक भाजलेलं तान्हं मूल एका चिनी छायाचित्रकारानं टिपलं. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं, आणि हा बनाव आहे असं म्हणणारे तेव्हाही निघालेच. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1938 मध्ये, पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून चीनला निघाले. त्यांतला एक आपल्या सोलापूरचा, अठ्ठावीस वर्षंही पूर्ण न झालेला. त्या फोटोमुळे ते गेले असं मी म्हणत नाही. पण कोटणीस तिथं गेले, भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथंच संसार मांडला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. मुलाला त्यांच्या तसबिरीपुढं थोडा वेळ उभं राहू द्या, लगेच काही समजावून सांगू नका. तो काय विचारतो ते मला लिहून कळवा.